विंटरथूरचे वार्तापत्र : साहेबाला ‘जमणार नाही’ सांगताना

स्वित्झर्लंडमधला साहेब म्हणजे घड्याळ हातात घेऊन बसलेला कडक माणूस, अशी अकोला-अमरावतीकडे समजूत आहे. विंटरथूरला नोकरीसाठी आलेल्या वऱ्हाडी अभियंत्याची ती लवकरच मोडते.

या गावाचा वऱ्हाडशी संबंध जुना. व्होलकार्ट बंधूंनी १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबईत एकाच वेळी पेढी उघडली. पुढे तिचे खरेदीदार कापसासाठी खामगावपर्यंत पोचले. १९५४ मध्ये टाटांसोबत तिने काढलेली कंपनी म्हणजे व्होल्टास.

आता माणसे उलट दिशेने येतात. अकोल्याच्या एका तरुणाला प्रमुखाने विचारले, शुक्रवारपर्यंत आराखडा होईल? ‘‘हो, होऊन जाईल.’’ झाला नाही. सोमवारी प्रमुख रागावला नाही. ‘‘होणार नाही हे कधी कळलं?’’ मंगळवारी. ‘‘मग मंगळवारीच का नाही सांगितलं?’’

कारण अकोल्यात मंगळवारी सांगणाऱ्याला मंगळवारीच बोलणी बसतात. अमरावतीच्या जिनिंगमधला फिटर नुसत्या आवाजावरून ओळखतो, रोलर झिजला. पण त्याला विचारतो कोण? ऐन हंगामात, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना यंत्र बंद पडते आणि मालक त्याच्यावरच ओरडतो, ‘‘आधी काऊन नाही सांगितलं बे?’’

इथे शिकाऊ पोरगाही बैठकीत बसतो आणि प्रमुखाच्या आराखड्यातली चूक दाखवतो. शाळेनंतर बहुतेक मुले कामावरच धंदा शिकतात. यूबीएस या बलाढ्य बँकेचे प्रमुख सर्जिओ एर्मोत्ती यांचीही सुरुवात लुगानोतल्या एका बँकेत शिकाऊ म्हणून झाली. आपल्याकडे आयटीआयच्या पोराला अभियंत्यासमोर खुर्चीसुद्धा मिळत नाही!

पण इथलेही काही खटकते. त्याच तरुणाची आई दवाखान्यात होती. खासगी बाब म्हणून शेजारच्या टेबलावरून कोणी चौकशीही केली नाही. अकोल्यात संध्याकाळपर्यंत अर्धी कचेरी डबे घेऊन पोचली असती. रजा मात्र लगेच मिळाली. इथे वर्षाला किमान चार आठवडे सुटी कायद्यानेच आहे, त्यातले दोन सलग. अकोल्यात साहेबाने ‘‘कायले पाहिजे?’’ दोनदा विचारले असते.

आई बरी झाली. सुटीत तरुणाने मामांच्या डाळ मिलमध्ये सोमवारची बैठक सुरू करवली आणि फिटरला तिथे बसवले. पहिल्यांदा कोणी तोंड उघडले नाही. पुढच्या खेपेला फिटर बोलला, एलिव्हेटरचा पट्टा तुरीचा हंगाम काढणार नाही. मामांनी त्याच दिवशी नवा पट्टा मागवला.