खर्च होणारा उत्प्रेरक

पावसाळी हवेत निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडच्या बाटलीचे बूच काढले की तोंडाशी पांढरा धूर दिसतो आणि नाकाला झोंबतो. आत काही जळत नसते. हवेतील बाष्पाशी या क्षाराची अभिक्रिया होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटत असतो. एकदा पाणी लागलेला क्षार तापवून पुन्हा निर्जल करू म्हटले, तर मागे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड उरते.

हा हावरटपणा कशामुळे? ॲल्युमिनियमच्या बाह्यतम कक्षेत तीन इलेक्ट्रॉन. तीन क्लोरीन अणूंशी भागीदारी केल्यावर सहा होतात; आठाला दोन कमी पडतात. ती जोडी मिळेल तिथून घ्यायची, हा त्याचा स्वभाव. १८७७ साली पॅरिसमध्ये फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी त्याचा उपयोग करून घेतला. (तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता!) अल्किल क्लोराइडमधला क्लोरीन ॲल्युमिनियमने ओढला की उरलेला गट धनभारित होतो आणि एरवी दाद न देणाऱ्या बेंझीनच्या वलयाला चिकटतो. वलयावरचा एक हायड्रोजन क्लोरीनसह वायुरूपाने निघून जातो आणि ॲल्युमिनियम क्लोराइड पुन्हा मोकळे.

‘उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही’ हे वाक्य आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. इथवर ते खरेच आहे. पण अल्किल क्लोराइडऐवजी ॲसिटिल क्लोराइड घ्या. ॲसिटोफिनोन तयार होते. त्यातल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोड्या असतात. ॲल्युमिनियम त्याला धरून बसते, सोडतच नाही. सोडवायला पाणी ओतावे लागते, आणि पाण्याने उत्प्रेरकच संपतो. रेणुभारांवरून हिशेब मुलांनाच फळ्यावर करू द्यावा : १२० किलो ॲसिटोफिनोनसाठी किमान १३३.५ किलो ॲल्युमिनियम क्लोराइड. मालापेक्षा उत्प्रेरक जास्त! तो सगळा आम्लयुक्त सांडपाण्यात जातो.

आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या १९६० च्या दशकातील कृतीची पहिली पायरी हीच होती. एकूण पायऱ्या सहा. समीकरणांनुसार वापरलेल्या द्रव्यांच्या वजनापैकी जेमतेम ४० टक्के औषधात उतरे. १९९२ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील कारखान्यात तीन पायऱ्यांची कृती सुरू झाली आणि हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. तिथे ॲल्युमिनियम क्लोराइडची जागा हायड्रोजन फ्लोराइडने घेतली. तोही गरीब नव्हे. कातडीतून शिरून हाडापर्यंत इजा करतो. पण तो गोळा करून पुन्हा वापरता येतो.