बालपरिचारिकेची पूर्वतयारी

ज्या रोग्याला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं, त्याच्या परिचारिकेची तयारी कशी असावी?

अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत खेड्यांतील मुलांना डॉक्टर दुर्मिळ असत. म्हणून लोरेटा फोर्ड या परिचारिकेनें आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानें तेथील विद्यापीठांत १९६५ सालीं नवा अभ्यासक्रम काढला. मुलाची सर्वांगीण तपासणी करणें, त्याची वाढ पारखणें, किरकोळ दुखण्यांवर उपचार करणें व गंभीर दुखणें ओळखून डॉक्टरांकडे पाठविणें, ही विद्या तींत शिकणाऱ्या परिचारिकेस मिळे. तिला ‘पेडिअ‍ॅट्रिक नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. सुरुवातीचें सघन शिक्षण अवघ्या चार महिन्यांचें होतें. कारण येणाऱ्या स्त्रिया आधींच शिकलेल्या परिचारिका होत्या.

आज तेथें आधीं परिचारिकेचा परवाना, मग पदव्युत्तर पदवी आणि शेवटीं प्रमाणपत्राची राष्ट्रीय परीक्षा, अशा पायऱ्या आहेत. कित्येक विद्यापीठें प्रवेशापूर्वीं प्रत्यक्ष शुश्रूषेचा अनुभव मागतात. कांहीं मात्र मागत नाहींत. वाद आहे तो येथेंच.

मी जन्मभर मास्तरकी केली. पदवी घेऊन आलेला नवा मास्तर वर्गांत गांगरतो, आणि नुसत्या सवयीवर चालणारा जुना मास्तर तीच चूक वर्षानुवर्षें शिकवितो. दोघेही मीं पाहिले आहेत. रडणारें मूल एकाएकीं गप्प झालें, तर तो आराम कीं ग्लानि, हें ओळखणारी नजर उशाशीं जागूनच येते. त्या ग्लानीचें कारण मात्र ग्रंथच सांगतो. दोहोंपैकीं एक उणें पडलें, तर त्याची किंमत मूल मोजतें. आणि तें तक्रारही करूं शकत नाहीं.