सौरपंप आणि कारागिरांची सलामती

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 साली आली. निमगाव केतकीसारख्या पानमळ्या-डाळिंबांच्या भागात मोटार वाइंडिंग, वेल्डिंग करणाऱ्या आपल्या बांधवांसाठी ही नवी रोजी आहे. मात्र या विजेचा मिजाज वेगळा. महावितरणची लाइन खटका पाडताच तुटते. पॅनेल ऊन असेतो जिवंतच. एका पॅनेलचे 40-50 व्होल्ट, तसे 10 ओळीने जोडले की 400 च्या वर. त्यात डीसीची ठिणगी लवकर विझत नाही. पंप चालू असताना जोड कधीही उपसू नये. आधी खटका पाडावा, पॅनेल जाड गडद कापडाने झाकावे, मीटर लावून पाहावे. कापडवाला म्हणून सांगतो, टेरिलिनचा सदरा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. जाड सुतीच घाला. विजेच्या कामाचे रबरी हातमोजे ठेकेदाराने द्यावेत. त्यांचे पैसे मजुरीतून कापणे इन्साफ नव्हे.