सव्वापाच किलोमीटरचं बेल्लमपल्ली

'बेल्लमपल्ली' हे नाव कॉम्प्युटरवरून पाठवायचं तर त्याचे ११ तुकडे होतात. ब, त्यावरची मात्रा, ल, पाय मोडल्याची खूण, पुन्हा ल, मग म, प, ल, पुन्हा पाय मोडल्याची खूण, ल आणि शेवटी दुसरी वेलांटी. युनिकोडच्या आज रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला ३ बाइट लागतात. एका बाइटचे ८ बिट. म्हणजे गावाचं नाव झालं २६४ बिटांचं.

हे २६४ बिट लॅन केबलमध्ये सोडू. तांब्याच्या तारेत सिग्नल सेकंदाला साधारण २० कोटी मीटर धावतो. केबलचा वेग १० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १ कोटी बिट असेल, तर वेलांटीचा शेवटचा बिट राउटरमधून बाहेर पडेपर्यंत 'ब'चा पहिला बिट ५ किलोमीटर २८० मीटर पुढे गेलेला असतो. एवढी लांब तार मिळाली, तर त्या क्षणी अख्खं नाव सव्वापाच किलोमीटरभर पसरलेलं असेल. वेग १०० मेगाबिट केला की तेच नाव आक्रसून ५२८ मीटरचं होतं. १ गिगाबिटला ते ५३ मीटरहूनही थोडं कमी भरतं. राउटरच्या पोर्टाजवळचा हिरवा किंवा नारिंगी दिवा आपल्याला हीच लांबी सांगत असतो, आणि ते वाचायला आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बेल्लमपल्ली हे तेलंगणातल्या सिंगरेणी कोळसा खाणींचं गाव. काझीपेट–बल्लारशा रेल्वेमार्गावर, बल्लारशापासून दक्षिणेला शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६च्या फेररचनेनंतर मंचिर्याल जिल्ह्यात गेलं. मराठी वाचकाला हा मुलुख परका वाटू नये, कारण चंद्रपूरचा राजुरा तालुका १९५६पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. तारेने निरोप पाठवणं रेल्वेच्या गावांना नवं नाही. तारमास्तराने मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने रोमन लिपीतलं हेच नाव मोर्समध्ये पाठवलं, तर त्याला साडेसहा सेकंदांच्या आसपास लागतील. तेवढ्या वेळात २० कोटी मीटरच्या वेगाने पहिली रेघ सुमारे १३ लाख किलोमीटर दूर जाईल. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. नावाचं शेवटचं अक्षर गावात उमटत असताना पहिलं अक्षर चंद्राच्या तिप्पट अंतर ओलांडून गेलेलं असेल.

त्या १३ लाख किलोमीटरपासून घरातल्या ५३ मीटरपर्यंतचा मोठा टप्पा एका कार्यालयातल्या टिपणाने सुरू झाला. २२ मे १९७३ रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात, आपली लॅन केबल ज्या पद्धतीने चालते त्या इथरनेटची कल्पना कागदावर मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती उभी केली. त्या पहिल्या जाळ्याचा वेग २.९४ मेगाबिट होता. तिथे आपलं नाव १८ किलोमीटरचं झालं असतं. १९८३मध्ये १० मेगाबिटचं प्रमाण ठरलं, १९९५मध्ये १०० मेगाबिटचं, आणि १९९९मध्ये साध्या तांब्याच्या केबलवर १ गिगाबिटचं. आता मोठ्या डेटा सेंटरांतल्या काचेच्या तंतूंवर ८०० गिगाबिटचं इथरनेट चालतं. त्या हिशेबाने 'बेल्लमपल्ली' ६.६ सेंटिमीटरमध्ये मावतं.

मला मात्र घरातली केबलच जास्त थक्क करते. तिच्यात अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. गिगाबिटवर प्रत्येक जोडीतलं व्होल्टेज सेकंदाला १२ कोटी ५० लाख वेळा ठरतं. ते पाचपैकी एका पायरीवर असतं, उणे एक व्होल्टपासून अधिक एक व्होल्टपर्यंत. एक पायरी टिकते ८ नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात सिग्नल जेमतेम १.६ मीटर सरकतो. म्हणजे हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत गेलेल्या १६ मीटरच्या तारेत एकाच वेळी दहा वेगवेगळ्या पायऱ्या रांगेने चाललेल्या असतात. तशा चार जोड्यांत चार रांगा, आणि त्याच तारांवर समोरून येणाऱ्या आणखी चार.

समोरून येणाऱ्या, हे मुद्दाम सांगावं लागतं. १०० मेगाबिटला जायची जोडी वेगळी आणि यायची वेगळी असते, उरलेल्या दोन जोड्या रिकाम्या. गिगाबिटला चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकदमच वाहतूक चालते. शंभर मीटरच्या केबलच्या टोकाला पोचेपर्यंत सिग्नलच्या वरच्या वारंवारतांची ताकद दोनशेव्या भागाच्या आसपास उरते, आणि तो क्षीण आवाज ऐकायचा असतो तो त्याच तारेवर आपण स्वतः मोठ्याने बोलत असताना. जत्रेत ओरडता-ओरडताच पलीकडच्या टोकाची कुजबुज टिपावी, तसं हे काम आहे. पोर्टामागची चिप आपण काय पाठवलं ते लक्षात ठेवते, त्याचा येणारा प्रतिध्वनी किती असेल याचा हिशेब करते आणि आलेल्या सिग्नलमधून तो वजा करते. प्रत्येक जोडीवर, सेकंदाला साडेबारा कोटी वेळा.

कोणी नेट वापरत नसतानाही हे चालूच असतं. वीजबचतीची सोय सुरू नसेल, तर गिगाबिटचं पोर्ट 'सध्या काही नाही' हेही त्याच वेगाने सांगत राहतं. चार जोड्यांचा एका दिशेचा दिवसभराचा हिशेब ४३ लाख २० हजार कोटी चिन्हांचा होतो. तेव्हा दिवा स्थिर दिसतो. स्थिर दिवा म्हणजे जोडणी शाबूत आहे, लुकलुकणारा दिवा म्हणजे माहिती वाहते आहे.

लुकलुकण्यातही आकड्यांचा डोंगर दडलेला आहे. गिगाबिटच्या केबलवरून माहितीची सर्वांत लहान पाकिटं सेकंदाला १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात, आणि नेहमीची मोठी पाकिटं ८१ हजार. प्रत्येक पाकिटाला दिवा खरोखर तेवढ्याच वेळापुरता लागला असता, तर डोळ्याला ते कळलंच नसतं. म्हणून चिप ती उघडझाप मुद्दाम लांबवते. ही लुकलुक सेकंदाच्या विसाव्या भागाची धरली, तर पूर्ण वेगाने तेवढ्यात चार हजारांवर मोठी पाकिटं निघून जातात. त्यांत देवनागरीची वीस लाखांच्या जवळपास चिन्हं मावतात. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. एका ओवीला काना-मात्रा धरून सढळ हाताने शंभर चिन्हं दिली तरी नऊ लाख होतात. म्हणजे दिवा एकदा लुकलुकेपर्यंत अख्खी ज्ञानेश्वरी दोनदा पोचते.

घराबाहेर पडल्यावर गोष्ट काचेच्या तंतूची होते. तेलंगणाने मिशन भगीरथच्या पाण्याच्या नळांसाठी खणलेल्या चरांतूनच टी-फायबर या आपल्या इंटरनेट जाळ्याची फायबर नेण्याची योजना आखली, आणि रुळांच्या कडेने रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं जाळं आहेच. बेल्लमपल्ली आणि मुंबई दोन्ही जवळजवळ १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मधलं सरळ अंतर सुमारे ७०० किलोमीटर. परदेशी जाणाऱ्या अनेक समुद्री केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. काचेतला प्रकाशही तांब्यातल्या सिग्नलसारखाच सेकंदाला २० कोटी मीटरच्या घरात धावतो, म्हणून अगदी सरळ तंतू टाकला तरी वर्सोव्याला पोचायला साडेतीन मिलिसेकंद लागतातच. तेवढ्या वेळात गिगाबिटच्या पोर्टातून ३५ लाख बिट निघालेले असतात. बेल्लमपल्लीचं नाव मुंबईपर्यंतच्या वाटेवर तेरा हजार वेळा लिहून होईल एवढे.

आता उन्हाळा. कोळसापट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. केबलमधली सिग्नलची घट २० अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढते, ४० अंशांच्या पुढे आणखी वेगाने. गच्चीवरून उन्हात नेलेल्या केबलची सिग्नलघट त्यामुळे दहा टक्क्यांहून अधिक वाढू शकते. दहा-वीस मीटरच्या तारेला त्याने काही होत नाही, शंभर मीटरच्या मर्यादेला टेकलेल्या तारेला होतं. त्यात केबल शुद्ध तांब्याची नसून वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, तर तिचा विरोध आधीच जास्त असतो आणि तार वाकवली की तुटतेही लवकर. स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तार तुटली की नेट बंद पडावं, अशी आपली समजूत असते. आठांपैकी एक तुटली तर प्रत्येक वेळी ते बंद पडतंच असं नाही. केबल लावताच दोन्ही टोकांची पोर्टं एकमेकांना सूक्ष्म ठोके पाठवून वेग ठरवतात. एकेक ठोका १०० नॅनोसेकंदांचा, १७ ते ३३ ठोक्यांचा एक झुबका, आणि साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक झुबका. ही बोलणी फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीवर होतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी बोलणी व्यवस्थित पार पडतात, गिगाबिट ठरतं, आणि प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी मात्र ते जमत नाही. अनेक चिपा काही प्रयत्नांनंतर खाली उतरून १०० मेगाबिटवर जोडणी करतात. नेट चालू राहतं, व्हिडिओ दिसतो, फोन लागतो. फरक पडतो तो दिव्यात.

कोणता रंग कशाचा, याचं जगभराचं एकच प्रमाण नाही. पुष्कळ राउटरांवर हिरवा म्हणजे गिगाबिट आणि नारिंगी म्हणजे १००, काहींवर उलट, काहींवर एकच पांढरा दिवा. म्हणून राउटरसोबत आलेलं पत्रक एकदा वाचावं, किंवा कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' पाहावा. तिथे १०००ऐवजी १०० दिसलं की कारण शोधायला लागावं. दुसरी खूण स्पीड टेस्टची. मोठ्या पाकिटाचे १५३८ बाइट तारेवर जागा घेतात, त्यांत आपली माहिती १४६० बाइटांची असते. १०० मेगाबिटच्या पोर्टातून त्यामुळे जास्तीत जास्त ९४.९ मेगाबिट मिळतात. प्लॅन ३००चा आणि आकडा रोज ९४च्या आसपास येऊन थांबत असेल, तर कंपनीशी भांडण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, बसवलेल्या यंत्राचं पोर्टच १०० मेगाबिटचं आहे का. काही स्वस्त यंत्रांत एक पोर्ट गिगाबिटचं आणि बाकीची १००ची असतात, तेव्हा केबल कोणत्या पोर्टात आहे यानेच निकाल लागतो. दुसरी, केबलच्या टोकाची आरजे-४५ क्लिप.

५ गिगाबाइटचा एक चित्रपट घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायला १०० मेगाबिटला सात मिनिटं लागतात, गिगाबिटला ४२ सेकंद. हा दहापटीचा फरक बऱ्याचदा एका नीट न दाबल्या गेलेल्या तारेमुळे पडतो. टोक कापून नवी क्लिप क्रिम्प करून घ्यावी. तारांचा क्रम दोन्ही टोकांना सारखाच: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रम लावताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू देऊ नये, कारण शेजारच्या जोडीचा गोंगाट तिथूनच आत शिरतो. काम झाल्यावर केबल पुन्हा लावून दिव्याचा रंग आणि लिंक स्पीड दोन्ही तपासावेत, आणि १००० दिसेपर्यंत केबलवाल्याला जाऊ देऊ नये.