जुन्या मोटारीचा कंठ

श्रोतेहो, घरची मोटार जुनी झाली म्हणजे तिच्या दुखण्याखुपण्याची आपण सारखी विचारपूस करतों. तेल बदललें कीं नाहीं, ब्रेक नीट लागतो कीं नाहीं, टायर झिजला आहे काय, हें सर्व आपण वेळोवेळीं पाहतों. परंतु तिच्या कंठाकडे, म्हणजे दारांत व मागच्या फळीवर बसविलेल्या स्पीकरांकडे, सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. १९९० सालीं निघालेली मारुति १०००, १९९४ सालची एस्टीम, १९९८ सालची होंडा सिटी, अशा चार दारांच्या व पाठीमागें स्वतंत्र डिकी असलेल्या गाड्या कित्येक कुटुंबांनीं अजून जपून ठेवल्या आहेत. इंजिनाची कुरकुर नसते. पण रेडिओ लावला तर निवेदक तोंडांत विडा धरून बोलत आहे असें वाटतें, आणि डग्ग्याचा घुमारा ऐकूं येण्याऐवजीं दाराचा पत्रा तेवढा थरथरतो. अशा गाडीचे मूळचे स्पीकर काढून त्यांच्या जागीं अधिक चांगले कसे बसवावे, याचा आज थोडा विचार करूं.

हा विषय केवळ चैनीचा आहे असें कोणी समजूं नये. शब्द स्पष्ट ऐकूं आले नाहींत कीं आपला हात आपोआप आवाज वाढविण्याकडे जातो. पण स्पष्टता हा एक गुण आणि मोठेपणा हा दुसरा. फाटका आवाज मोठा केला तर तो अधिकच फाटतो. शब्द कळत नाहींत ते नाहींतच, उलट कान शिणतात, आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा मात्र ऐकूं येईनासा होतो. म्हणून आपणांस हवा आहे तो हळू लावला असतांहि नीट कळणारा आवाज. ही गोष्ट प्रथमच मनाशीं पक्की धरली म्हणजे पुढील निवड पुष्कळ सोपी होते.

स्पीकरची रचना आश्चर्य वाटावें इतकी साधी आहे. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघां अमेरिकन इंजिनिअरांनीं १९२५ सालीं जो नमुना जगापुढें मांडला, त्याच तत्त्वावर आजचे बहुतेक स्पीकर चालतात. कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक उथळ शंकु असतो. त्याच्या मानेला बारीक तारेचें वेटोळें चिकटविलेलें असतें, आणि हें वेटोळें लोहचुंबकाच्या अरुंद खांचेंत अधांतरीं राहतें. तारेंतून आवाजाबरहुकूम उलटसुलट विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं वेटोळें मागेंपुढें ढकललें जातें, त्याबरोबर शंकु हालतो आणि शंकूबरोबर हवा. वेटोळें खांचेच्या मधोमध राहावें म्हणून त्याला दोन आधार असतात: मानेजवळ चुणीदार कापडाची चकती आणि शंकूच्या काठाला फोमची अथवा रबराची लवचिक कड.

म्हातारपण येतें तें प्रथम या कडेला. उन्हांत तापणाऱ्या व पावसाळ्यांत दमट होणाऱ्या गाडींत फोमची कड कांहीं वर्षांत ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडूं लागतात. कागदी शंकु ओल शोषून मऊ पडतो. पुष्कळांना ठाऊक नसतें कीं दारावरून ओघळणारें पावसाचें पाणी कांचेच्या कडेनें दाराच्या पोटांत शिरतें, आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावें अशीच दाराची योजना असते. त्या पाण्याच्या शेजारीं स्पीकर वर्षानुवर्षें काढीत असतो. शिवाय कारखान्यांतून येणारे स्पीकर बहुधा काटकसरीनें बनविलेले, हलक्या चुंबकाचे असतात. तेव्हां मुळांतच बेताचें बळ, आणि त्यांत हा संसार!

तथापि दुकानांत धांव घेण्यापूर्वीं रोग कोठें आहे हें पाहावें. रेडिओवर डावा-उजवा आणि पुढचा-मागचा असा आवाज वळविण्याची सोय असते. तिच्या साहाय्यानें एका वेळीं एकच स्पीकर चालू ठेवून ओळखीचें बोलणें ऐकावें. चारहि सारखेच वाईट वाजत असले तर दोष स्पीकरांचा नसून रेडिओचा असण्याचा संभव अधिक. दार उघडतांना-मिटतांना आवाज येत-जात असेल तर दार व गाडीचा सांगाडा यांमधील रबरी नळींतून जाणारी तार तुटत आली आहे असें समजावें. असंख्य वेळां वांकून ती तेथेंच तुटते, आणि हा रोग नवा स्पीकर घातल्यानें बरा होत नाहीं. शेवटीं जाळी काढून शंकूवर बोटें दोन्हीं बाजूंस ठेवून तो अगदीं हलकेच आंत दाबावा. घासल्याचा आवाज आला तर वेटोळें खांचेला लागत आहे; तो स्पीकर सेवानिवृत्त करण्यास हरकत नाहीं. चार ओहमच्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर साधारण तीन ते चारांच्या दरम्यान दिसतो. कांटा हाललाच नाहीं तर वेटोळ्याची तार तुटलेली आहे.

आतां निवड. पहिली कसोटी मापाची. दारांतले गोल स्पीकर बहुधा चार, सव्वापांच किंवा साडेसहा इंचांचे, आणि मागच्या फळीवरचे लंबगोल स्पीकर सहा बाय नऊ इंचांचे असतात. परंतु व्यासाइतकीच खोली महत्त्वाची आहे. मोठ्या चुंबकाचा स्पीकर मोठ्या हौसेनें आणावा, आणि कांच खालीं केली कीं ती चुंबकावर आपटावी, असे प्रकार नेहमीं घडतात. म्हणून कांच पूर्ण खालीं करून मधली जागा मोजावी आणि मगच खरेदीस निघावें. जागा थोडकी असेल तर स्पीकरखालीं एक कडें घालून तो पुढें आणतां येतो. हें कडें प्लॅस्टिकचें असावें. लांकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचें केलें तर आमच्याकडील पहिल्याच पावसाळ्यांत तें फुगतें.

दुसरी कसोटी वॅटची, आणि येथें गिऱ्हाइकाची सर्वांत अधिक दिशाभूल होते. रेडिओवर ‘कमाल ५० वॅट’ असें ठळक लिहिलेलें असतें. चालत्या गाडीचा विजेचा दाब सुमारें १४ व्होल्ट. त्यावर चालणारा साधा रेडिओ चार ओहमच्या स्पीकरला सतत देऊं शकतो तें फार तर १५ ते २० वॅट. ५० हा आंकडा क्षणिक उसळीचा आहे. म्हणून स्पीकरच्या डब्यावरील ३०० किंवा ४०० हे आंकडे बाजूस ठेवून ‘आरएमएस’ या अक्षरांपुढील आंकडा वाचावा, आणि त्याहिपेक्षां ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणजे संवेदनक्षमता पाहावी. एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज निघतो, हें त्यावरून कळतें. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठीं २० वॅट लागतात, तेवढाच आवाज ९० डेसिबलचा स्पीकर १० वॅटांत देतो, कारण दर तीन डेसिबलला शक्तीची गरज निम्मी होते. मूळचाच रेडिओ ठेवावयाचा असेल तर हा आंकडा पैशांपेक्षांहि मोलाचा समजावा. रोध मात्र मूळच्याइतकाच ठेवावा. चार ओहमच्या जागीं दोन ओहमचा स्पीकर लावला तर रेडिओवर भलताच भार पडतो.

तिसरा प्रश्न असा कीं, एकांत एक बसविलेला जोड-स्पीकर घ्यावा कीं सुटा संच? मोठा शंकु खर्जाला योग्य, पण सतारीची झणकार किंवा ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांची धार काढण्यास तो जड पडतो. त्यासाठीं ट्वीटर नांवाचा लहानसा स्पीकर लागतो. जोड-स्पीकरमध्यें तो शंकूच्या मध्यावरच बसविलेला असतो. सुट्या संचांत ट्वीटर वेगळा असून, क्रॉसओव्हर नांवाची लहान पेटी खर्ज व तार स्वर ज्याचे त्याला वांटून देते. भेद कां पडतो तें पाहा. आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. त्यामुळें १०० कंपनांच्या खर्जाची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तर १०,००० कंपनांच्या तार स्वराची केवळ साडेतीन सेंटिमीटर. लांब लहर आडोशाला वळसा घालून जाते. आंखूड लहर सरळ रेषेंत निघते, आणि वाटेंत गुडघा किंवा आसन आलें कीं तेथेंच अडते. दारांतला स्पीकर आपल्या पोटऱ्यांकडे तोंड करून गातो, म्हणून व्यंजनें हरवतात. सुटा ट्वीटर आरशाच्या आंतील बाजूच्या त्रिकोणी तुकड्यावर बसविला कीं तीं व्यंजनें कानाशीं येतात. खर्च व खटाटोप झेपत असेल तर पुढच्या दोन दारांत सुटा संच आणि मागें साधे जोड-स्पीकर ही वांटणी उत्तम.

परंतु श्रोतेहो, स्पीकर कितीहि उंची असला तरी तो ज्या जागीं बसतो ती जागा त्याचें अर्धें वाद्य आहे. तंबोऱ्याला भोपळा तसें स्पीकरला दार. शंकु पुढें सरकला कीं समोर हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं पाठीमागें ती विरळ होते. या दोन हवांना भेटण्यास वाट राहिली तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात, आणि नुकसान होतें तें मुख्यतः खर्जाचें. म्हणून स्पीकरच्या काठाखालीं फोमची पट्टी घालून तो घट्ट आवळावा, आणि दाराच्या आंतल्या पत्र्यांतील मोठीं भोंकें बुजवावीं. बाहेरच्या पत्र्याच्या आंतील अंगास ब्यूटिल रबराच्या जड पट्ट्या चिकटविल्या कीं थरथर शमते. सबंध पत्रा मढविण्याचें कारण नाहीं, मधला भाग पुरे. मात्र दोन गोष्टी विसरूं नयेत: तळाचीं पाण्याचीं छिद्रें बुजवूं नयेत, नाहींतर दार गंजेल, आणि गादीमागील प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकूं नये, कारण तोच आंतली ओल अडवितो. एवढ्या कामास खर्च थोडा. पण पुष्कळदां मध्यम प्रतीचा स्पीकर नीट मढविलेल्या दारांत ज्या गोडव्यानें वाजतो, तो गोडवा महाग स्पीकर रित्या दारांत दाखवीत नाहीं.

तारा जोडतांना अधिक-उणें सांभाळणें अवश्य आहे. एका दारांत जोडणी उलटी झाली तर डावा शंकु पुढें येतांना उजवा मागें जातो, आणि वर सांगितलेली खर्जाची खादाडी सबंध गाडींत सुरू होते. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. दीड व्होल्टचा घड्याळांतला सेल क्षणभर स्पीकरला लावावा. सेलचें अधिक टोंक स्पीकरच्या अधिक टोंकाला असलें तर शंकु बाहेर सरकतो. गाडींतील मूळच्या तारा कापूं नयेत. त्या त्या गाडीला बसणारे जोड बाजारांत मिळतात, आणि पुढें कधीं मूळचे स्पीकर परत बसवावयाचे झाले तर अडचण येत नाहीं. काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीचें उणें टोंक सोडावें. पण त्याआधीं हेंहि पाहावें कीं, वीज तुटल्यावर सांकेतिक अंक मागणारा रेडिओ आपल्या गाडींत नाहीं ना. एअरबॅग असलेल्या गाडींत पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें आहे.

एवढें झाल्यावरहि अधिक दम हवासा वाटला तर निराळा अॅम्प्लिफायर बसवितां येतो. त्याची तार थेट बॅटरीपासून आणावी लागते, आणि तिच्यावर फ्यूज बसवावा तो बॅटरीच्या अगदीं जवळ, वीतभर-दोन वितींच्या आंत. फ्यूज रक्षण करतो तो अॅम्प्लिफायरचें नव्हे, तारेचें. वाटेंत पत्र्याच्या धारेनें तारेचें कवच कापलें गेलें आणि फ्यूज दूर डिकींत असला, तर मधली सारी तार लाल होऊन गाडी पेटण्यास वेळ लागत नाहीं. या बाबतींत स्वस्ताई पाहणारा मनुष्य काटकसरी नव्हे.

शेवटीं कानांविषयीं दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ मनुष्यानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकला तर चालण्यासारखें आहे. पण आवाज तीन डेसिबलनें वाढला कीं ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती चार तासांवर येते. मागच्या आसनावरील लहान मुलाचे कान तर फळीवरच्या स्पीकरांच्या अगदीं तोंडाशीं असतात. म्हणून मागचा आवाज पुढच्याहून कमी ठेवावा. गाणें समोरून ऐकूं येणें हेंच स्वाभाविक आहे. मैफलींत गवय्याकडे पाठ करून कोणी बसत नाहीं.

तात्पर्य, खर्चाचा क्रम असा असावा: प्रथम तारांची दुरुस्ती, मग पुढचे दोन स्पीकर व त्यांच्या दारांची मढवणूक, नंतर मागचे स्पीकर, आणि सर्वांत शेवटीं, गरज उरलीच तर, अॅम्प्लिफायर. या क्रमानें जाणाऱ्या पुष्कळांना दुसऱ्या पायरीवरच समाधान मिळतें. काम नीट झालें कीं नाहीं याची परीक्षा घेण्यास मोठ्या गाजावाजाचें गाणें लावूं नये. गाडी रस्त्यावर असतांना एखादें साधें भाषण हळू आवाजांत लावावें आणि मागें बसलेल्या वडीलधाऱ्यांस विचारावें. त्यांना प्रत्येक शब्द न विचारतां कळत असेल, तर जुन्या मोटारीचा कंठ सुधारला असें खुशाल समजावें.