हिवाळ्यापूर्वी ऊन पाण्याची सिद्धता

पुणे–सोलापूर महामार्गावर, दौंडच्या दक्षिणेस असलेले कुरकुंभ पूर्वी फिरंगाई देवीच्या देवस्थानामुळे ओळखले जाई. आता ते रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळेही ओळखले जाते. भोवताली मोकळा माळ, विरळ झाडी आणि पावसाळा सरला की निरभ्र आकाश. ढगांचे पांघरूण नसले म्हणजे जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. म्हणूनच या भागात दुपारी पंखा आणि पहाटे घोंगडी अशी स्थिती नोव्हेंबरपासून दिसू लागते. पुण्याच्या वेधशाळेने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदवले होते. तसा कडाका क्वचितच येतो, परंतु पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरणे नवलाचे नाही.

काश्मिरात कांगडी, लडाखात बुखारी, पाश्चात्त्य देशांत तळघरातील बॉयलर. तिथे हिवाळ्यापूर्वी घर तापवण्याची व्यवस्था तपासली जाते. आपल्याकडे घर तापवण्याची प्रथा नाही. आपण पाणी तापवतो. त्यामुळे बंब, सोलर, विजेचा गिझर आणि गॅस गिझर हीच इथल्या घरांची उष्णतेची व्यवस्था होय. त्यांची तपासणी मात्र बहुतेक घरांत पहिल्या थंडीच्या सकाळी, तोटीतून गार पाणी आल्यावर सुरू होते. तोपर्यंत कारागिराच्या वहीत पंधरा नावे आधीच लागलेली असतात. कोजागरी ते दिवाळी हा काळ या कामासाठी उत्तम.

पूर्वी ही सिद्धता सोपी होती. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडवलेले तांब्याचे बंब जिल्ह्यातील घराघरांत असत. दिवाळीच्या आधी बंब परसात काढून चिंच, मीठ आणि राखेने लखलखीत घासायचा, मधल्या नळकांड्यातील काजळी खरवडायची, तोटीच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर डाग देऊन घ्यायचा आणि बंबफोड कोरड्या जागी रचून ठेवायची, एवढे झाले की घंगाळ भरून ऊन पाणी मिळण्याची हमी असे. आजच्या साधनांत घासण्याजोगे बाहेरून काही दिसत नाही. जे बिघडते ते आत, नजरेआड.

या नजरेआडच्या बिघाडाचे मुख्य कारण म्हणजे पाण्याचे जडपण. काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचे जडपण लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तरच ६०० पर्यंत चालते. पाणी तापले की क्षारांचा काही भाग घट्ट होऊन बाहेर पडतो आणि जिथे उष्णता अधिक तिथेच चिकटतो. साधा हिशेब मांडून पाहावा. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम जडपण असलेले १५० लिटर पाणी रोज तापवले, तर दिवसाला ६० ग्रॅम आणि वर्षाला सुमारे २२ किलो क्षार त्या टाकीतून जातात. त्यांपैकी दहावा भाग जरी आत बसला, तरी दोन किलो दगड घरात साठला म्हणायचा! हा थर उष्णतेला अडवतो. गिझरची कॉइल त्याखाली आपल्याच उष्णतेने जळते आणि वीज मात्र पूर्वीपेक्षा अधिक खर्च होते. म्हणून अशा पाण्याच्या गावी गिझर वर्षातून एकदा उघडून साफ करून घेणे, आणि त्याच वेळी टाकीला गंजण्यापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलणे, हा खर्च नसून बचत आहे.

सोलरच्या बाबतीतही हेच. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानात बँकांमार्फत अल्प व्याजाची कर्जे मिळत, तेव्हा अनेक गच्च्यांवर ही संयंत्रे चढली. ती आता जुनी झाली आहेत. त्यांत दोन प्रकार आढळतात. सपाट पत्र्याच्या संयंत्रातील तांब्याच्या अरुंद नळ्या क्षारांनी लवकर तुंबतात; काचेच्या निर्वात नळ्या रुंद असल्याने त्यांतील गाळ काढणे सोपे जाते. कुरकुंभसारख्या जड पाण्याच्या ठिकाणी काचेच्या नळ्यांचे संयंत्रच अधिक व्यवहार्य ठरते. अशा नळीच्या बंद टोकाशी आतून आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. तो पांढरा पडला असेल तर आतील निर्वात पोकळी गेली असे समजावे. ती नळी उन्हात कितीही राहिली तरी उष्णता टिकवणार नाही. तेवढी एक नळी बदलता येते. धूळ पुसण्याचे काम मात्र सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर करावे. टाकी रिकामी राहून नळ्या उन्हात तापलेल्या असताना त्यांत गार पाणी सोडले, तर काच तडकते.

सोलर उन्हाळ्यात उत्तम चालतो आणि हिवाळ्यात पाणी तापत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. दोष पुष्कळदा यंत्राचा नसतो, सावलीचा असतो. कुरकुंभचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, दक्षिणेकडे कललेला. तीन मीटर उंचीच्या जिन्याच्या खोलीची सावली अशा दुपारी उत्तरेकडे सुमारे २.७ मीटर पडते. मार्चच्या विषुवदिनी तीच सावली एक मीटरच्या आसपास असते. पाच वर्षांत दक्षिणेकडे शेजाऱ्याचा मजला चढला असेल, वरची पाण्याची टाकी हलवली असेल किंवा शेवग्याचे झाड वाढले असेल, तर जूनमध्ये ते जाणवत नाही, डिसेंबरात जाणवते. ऑक्टोबरातच दिवसातून तीनदा गच्चीवर जाऊन सावली कुठवर येते ते पाहावे, आणि डिसेंबरात ती आणखी लांबेल हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक बारीक हिशेब. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत अर्ध्या इंचाचा १५ मीटर पाइप असेल, तर त्यात अडीच लिटरांहून अधिक पाणी मावते. तेवढे गार पाणी वाहून गेल्याशिवाय ऊन पाणी येत नाही. दहा माणसांच्या घरात प्रत्येकाने आपल्या सवडीने तोटी उघडली, तर रोज पंचवीस लिटर पाणी मोरीत जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्याला हे परवडणारे नाही. पाइपला उष्णतारोधक वेष्टन घालावे, स्नाने लागोपाठ उरकावीत आणि पहिले गार पाणी बादलीत धरून घरकामाला वापरावे.

विजेच्या गिझरमध्ये सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. माळावरची मुरमाड जमीन पावसाळ्यानंतर लवकर कोरडी पडते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग क्षीण होते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर पोहोचताच वीज तोडणारे आरसीसीबी यंत्र मुख्य फळीवर असावे आणि त्यावरील चाचणीचे बटण दाबून ते खरोखर तुटते का, हे पाहावे. पाणी तापताना गिझरखालचा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो, तो बिघाड नव्हे. तापलेले पाणी प्रसरण पावते, त्याचा दाब तिथून सुटतो. तो व्हॉल्व्ह बुच मारून बंद करणे म्हणजे टाकीचा स्फोट ओढवून घेणे. बादलीत टाकायच्या रॉडविषयी एवढेच सांगणे पुरे की, प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये आणि बादली धातूची नसावी.

सर्वांत गंभीर विषय गॅस गिझरचा. तो स्वस्त, चटकन पाणी देणारा, भारनियमनाची फिकीर नसलेला, म्हणून लोकप्रिय. परंतु तो हवा खातो. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर ढोबळ हिशेबाने ताशी पाऊण ते एक किलो गॅस जळतो, आणि एवढ्या ज्वलनाला दहा मिनिटांत सुमारे दोन घनमीटर हवा लागते. पाच फूट बाय चार फूट, सात फूट उंचीच्या न्हाणीघरात एकूण हवा असते चार घनमीटर. थंडीचा वारा नको म्हणून खिडकी बंद, झरोक्यात कापडाचा बोळा, दार आतून लावलेले. अशा स्थितीत एका स्नानात अर्ध्या खोलीच्या हवेइतका पुरवठा खर्च होतो. प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसला गळती ओळखता यावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. माणसाला वाटते पित्त झाले असावे, आणि कडी काढण्यापूर्वीच तो कोसळतो. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यांत तरुण, निरोगी माणसेही असतात. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणारे लोक बाहेरच्या वायूविषयी सावध असतात. घरातल्या या वायूकडे मात्र त्यांचेही लक्ष जात नाही.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघरात नसावाच. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि पाइपने फक्त पाणी आत आणावे. हे शक्य नसेल तर दुसरे साधन घ्यावे. एक्झॉस्ट पंख्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली तर बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकले असण्याचा संभव असतो. कोणी आत बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या सताड उघडून गॅस बंद करावा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यावे.

घरातील वृद्धांसाठी एक जुनी रीत पुन्हा पाळावी. बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग त्यात कढत पाणी सोडावे. साठ अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत त्वचा खोलवर भाजते आणि वयोमानाने स्पर्शाची जाणीव मंदावलेली असते. विसण नंतर घालू, असे म्हणत राहणे धोक्याचे.

उकळलेले पाणी पिण्याचे व्रत असलेल्या घरांत गॅसची बचत म्हणून सोलरचे किंवा गिझरचे पाणी पिण्यासाठी घेतल्याचे कधी कधी दिसते. ते योग्य नव्हे. ते पाणी तापलेले असते, उकळलेले नसते. त्यामुळे नियमही पाळला जात नाही. शिवाय टाकीत गाळ असतो आणि कोमट राहिलेल्या टाकीत जंतू वाढू शकतात. पिण्यासाठी ताजे पाणी गाळून चुलीवर वा शेगडीवरच उकळावे.

आणि ज्या वाड्यांत, मळ्यांतील घरांत अजूनही बंब आहे, त्यांनी तो मोडीत काढू नये. वीज गेली आणि आभाळ भरून आले की तोच कामाला येतो. मात्र तो परसात किंवा उघड्या पडवीत पेटवावा, कारण बंद मोरीत त्याचा धूरही गॅस गिझरइतकाच घातक ठरतो. पावसाळाभर रचून ठेवलेल्या बंबफोडीत मुंग्या, वाळवी, कोळी आणि गोगलगायी आश्रयाला आलेल्या असतात. लाकडे दिवाळीच्या आधीच उन्हात पसरावीत, एकेक हलकेच झटकून जयणापूर्वक पाहावीत आणि शेगडीचा कप्पा मऊ झाडणीने झाडून घ्यावा. अशी वाळलेली लाकडे धूरही कमी करतात.