आंबा एक, कामे अनेक

एप्रिलमध्ये आमच्या ताथवड्याच्या वर्गात 'माझे आवडते फळ' हा निबंध दिला की निम्मी मुलं हापूसच लिहितात. एकदा एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे हापूस आणत नाहीत. मग मी काय लिहू?" म्हणून ही माहिती.

हापूस : गर घट्ट, रेषा जवळजवळ नाहीत. फोडी करून खायला उत्तम. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पायरी : रसाळ आणि आंबटगोड. आमरस करायचा तर हीच आणा. हापूसच्या घट्ट रसात थोडी पायरी मिसळली तरी चव खुलते.

केसर : मूळचा गुजरातचा, आता मराठवाड्यातही भरपूर होतो. फोडी आणि रस, दोन्हीला चालतो.

तोतापुरी : पोपटाच्या चोचीसारखे टोक. अर्धवट पिकलेला असताना तिखटमीठ लावून खावा.

रायवळ : कलमाचा नाही, कोयीपासून उगवलेला. म्हणून प्रत्येक झाडाची चव वेगळी! पिकला की माचून चोखून खायचा. कोकणात याचाच उकडांबा घालतात. आंबट कैऱ्या लोणच्याला.

म्हणजे महाग तो चांगला, असं काही नसतं. ज्याचं काम त्यालाच जमतं. त्या मुलीने शेवटी आजीच्या बांधावरच्या रायवळाबद्दल लिहिलं आणि वर्गाने तो निबंध दोनदा वाचायला लावला.

तुम्हीही मुलांना 'सर्वांत चांगला आंबा कोणता?' असं न विचारता 'तुमच्या घरी कोणता येतो आणि त्याचं काय करतात?' असं विचारून बघा.